कशावरून? : रसायनशास्त्राच्या पहिल्या पायऱ्यांचा आढावा

संपादकांनी दिलेला विषय ‘सामान्य रसायनशास्त्रातील मूलभूत संकल्पना’ असा भारदस्त आहे. अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग, आम्ल, अल्कली हे सगळं वाचकांनी शाळेत केलेलं आहे असं मी धरून चालतो. कुणी विसरलं असेल तर घरातल्या नववीतल्या मुलाला किंवा मुलीला विचारावं. व्याख्या धडाधड म्हणून दाखवतील. फक्त ‘हे कशावरून?’ असं विचारू नये. सणासुदीला घरात वाद नको.

मी मात्र आयुष्यभर तोच प्रश्न विचारत आलो, आणि हा आढावाही त्याच प्रश्नाच्या काठाकाठाने जाणार आहे. अशा लेखांची सुरुवात कणाद आणि डेमोक्रिटस यांच्यापासून करण्याचा प्रघात आहे. दोघांनाही नमस्कार करून मी पुढे जातो. दोघेही थोर, पण दोघांनीही काही तोललं नव्हतं. आमचं शास्त्र तराजूपाशी जन्मलं हे माझं जुनं म्हणणं आहे. त्यापायी एका परिसंवादात एका विद्वानांनी मला ‘तराजूवाले’ असं संबोधलं. त्यांच्या मते तो टोमणा होता.

पॅरिसच्या लव्हाझिएपाशी पहिला मोठा तराजू सापडतो. हा गृहस्थ सरकारचा कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार होता, हाती पैसा होता, आणि त्यातला बराचसा त्याने उत्तमोत्तम तराजू करवून घेण्यात घातला. धातू जळताना त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं, असं तेव्हाचे पंडित सांगत. मग जळलेल्या धातूचं वजन वाढतं कसं? लव्हाझिएने बंद भांड्यात पारा तापवला, किती हवा कमी झाली ते मोजलं, पाऱ्यावर आलेली लाल राख आणखी तापवून तेवढाच वायू परत मिळवला, आणि फ्लॉजिस्टनचा निकाल लावला. १७८९ साली त्याचा ग्रंथ आला. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. प्रकाश आणि उष्णता ही दोन्ही त्या यादीत मूलद्रव्यं म्हणून बसलेली आहेत, याची गंमत वाटते. पण ज्याचं आणखी विघटन आपल्याला करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्याची कसोटी प्रयोगाची होती आणि म्हणूनच पुढे दुरुस्त करता आली. ८ मे १७९४ रोजी क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला, तो कर वसुलीच्या पापासाठी.

हा ग्रंथ प्राथमिक पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

प्रूस्त आणि बेर्तोले यांचा स्थिर प्रमाणाचा वाद आठ-दहा वर्षं चालला आणि प्रूस्त जिंकला. पाणी नदीचं असो की प्रयोगशाळेत तयार केलेलं, त्यात एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन वजनाने असणारच. आता खरी अडचण सुरू होते. १८०८ साली डाल्टनने आपलं पुस्तक काढलं आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचं ठरलेलं वजन दिलं. कल्पना अजोड होती. पण एक आणि आठ या प्रमाणावरून ऑक्सिजनच्या अणूचं वजन काढायचं तर पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचे अणू किती हे ठाऊक हवं. एक असेल तर ऑक्सिजन ८, दोन असतील तर १६. सूत्र ठाऊक असेल तर अणुभार निघतो आणि अणुभार ठाऊक असेल तर सूत्र निघतं. दोन्ही ठाऊक नसतील तर माणूस जागच्या जागी फिरत राहतो. डाल्टनने साधेपणाचा आधार घेतला आणि पाणी म्हणजे एकास एक असं ठरवून टाकलं.

त्याच वर्षी गे-ल्युसॅकने दाखवलं की दोन घनफळं हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांच्यापासून पाण्याची वाफ होते ती दोन घनफळं. १८११ साली तुरिनच्या अ‍ॅव्होगॅड्रोने, हा मूळचा वकील, याचा अर्थ लावला : सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखीच असते, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असतो. हा विचार डाल्टनला पटला नाही. बर्झेलियसची तर अशी ठाम समजूत की धन विद्युत आणि ऋण विद्युत यांच्या आकर्षणाने अणू जोडले जातात. मग एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरतीलच कसे? बर्झेलियससारखा माणूस नाही म्हणाला की युरोप नाही म्हणत असे. अ‍ॅव्होगॅड्रो १८५६ साली वारला तोवर त्याच्या विचाराचं चीज झालेलं नव्हतं.

मधल्या काळात नुसता गोंधळ होता. कुणी कार्बन ६ धरी, कुणी १२. केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची प्रचलित सूत्रं दिली आहेत, ती १९ भरतात. आज आपण सूत्र म्हणजे वस्तुस्थिती समजतो. दीडशे वर्षांपूर्वी ते ज्याचं त्याचं मत होतं.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. स्तानिस्लाव कानिझारो, जन्म १८२६, गाव सिसिलीतलं पालेर्मो. १८४८ च्या बंडात हा पोरगा सामील होता. बंड फसल्यावर फ्रान्सला पळाला, तिथे प्रयोगशाळेत शिकला, परत येऊन इटलीत शिक्षकी करू लागला आणि पुढे जिनोव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. वर्गात उभं राहून ऑक्सिजन ८ की १६ हे सांगायची वेळ रोज येई. १८५८ साली त्याने आपल्या वर्गातल्या व्याख्यानांची रूपरेषा एका सहकाऱ्याला पत्ररूपाने लिहून पाठवली आणि ती छापून आली. नवा प्रयोग एकही नव्हता. होती ती फक्त शिकवण्याची शिस्त.

ती शिस्त अशी. वायूची घनता मोजा. हायड्रोजन वायूचा रेणू २ धरा आणि त्याच्या तुलनेत इतर वायूंच्या रेणूंची वजनं काढा. हायड्रोजन क्लोराइड ३६.५, पाण्याची वाफ १८, अमोनिया १७, मिथेन १६. आता पृथक्करण करून प्रत्येकात हायड्रोजन किती ते पाहा : १, २, ३, ४. एकाहून कमी कधीच नाही आणि मधला अपूर्णांक कधीच नाही. म्हणजे १ हा हायड्रोजनचा अणू. हेच कार्बनचं करा. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात १२. मिथेन १६, त्यात १२. इथिलीन २८, त्यात २४. सहा कुठेच सापडत नाही. म्हणून कार्बन १२. ऑक्सिजन पाण्यात १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२, खुद्द ऑक्सिजन वायूत ३२. म्हणून ऑक्सिजन १६, त्याचा रेणू दोन अणूंचा, आणि पाण्यात हायड्रोजन दोन. ज्या धातूंची वायुरूप संयुगं हाती नव्हती त्यांच्यासाठी त्याने १८१९ चा द्युलाँ आणि पेती यांचा विशिष्ट उष्णतेचा नियम वापरला.

वाचकहो, हा परिच्छेद कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही पाण्याचं सूत्र स्वतः सिद्ध करता येतं, याहून मोठा आनंद विज्ञानाच्या वर्गात मी दुसरा पाहिलेला नाही. फळ्यावर हे कोष्टक मांडायचं, शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘सर, सगळे बाराच्या पटीत आहेत’ असं ओरडतं. तो आवाज ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं नोकरी केली.

३ ते ५ सप्टेंबर १८६० या तीन दिवसांत जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे सव्वाशेच्या वर रसायनशास्त्रज्ञ जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. भाषणं झाली, समित्या बसल्या, आणि अणुभारांवर एकमत न होताच मंडळी उठली; परिषदांचं हे लक्षण जुनंच दिसतं. जाता जाता कानिझारोच्या एका मित्राने, पावेसीने, त्या रूपरेषेच्या प्रती वाटल्या. लोथार मायरने घरी जाऊन ती पुस्तिका वाचली आणि त्याचे डोळे उघडले. सेंट पीटर्सबर्गचा तरुण मेंडेलीव्हही परिषदेला हजर होता. नऊ वर्षांनी, १८६९ साली, त्याने ६३ मूलद्रव्यं अणुभारांच्या क्रमाने मांडली, गुणधर्म जुळेनात तिथे जागा मोकळ्या सोडल्या आणि त्या जागी येणाऱ्या मूलद्रव्यांचं वर्णन करून ठेवलं. गॅलियम १८७५ मध्ये सापडलं, स्कँडियम १८७९ मध्ये, जर्मेनियम १८८६ मध्ये. अणुभार ८ की १६ असा घोळ चालू असता तर ही मांडणी कुणाच्या बापाला जमली नसती.

मेंडेलीव्ह तेव्हा करत काय होता? विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता, आणि मूलद्रव्यं कुठल्या क्रमाने शिकवावीत ही त्याची अडचण होती. आता तीन गोष्टी शेजारी ठेवा : लव्हाझिएचं पाठ्यपुस्तक, कानिझारोची व्याख्यानांची रूपरेषा, मेंडेलीव्हचं पाठ्यपुस्तक. आमच्या शास्त्राच्या पायाचे हे तीन दगड शिकवण्याच्या खटाटोपात बसवले गेले. समोर बसलेल्याला ‘कशावरून?’ याचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून विचार स्वच्छ करावा लागला. संशोधन वर आणि शिकवणं खाली अशी उतरंड मानणाऱ्या आमच्या विद्यापीठांत हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं पाहिजे.

यानंतरचं अर्धशतक मी भरभर उरकणार आहे. आऱ्हेनियसने आयन दिले, ल शातेलिएने समतोलाचा नियम दिला, १८९७ साली थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला, १९११ मध्ये रदरफर्डने केंद्रक, १९१३ मध्ये बोरने कक्षा. मोझलीने क्ष-किरणांवरून अणुक्रमांक पक्का केला तोही १९१३ मध्येच. १९१६ साली ल्युइसने जोडीने वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन सांगितले, आणि १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी आम्लाची व्याख्या प्रोटॉनवर नेली. हे सारं मोलाचं आहे आणि सगळ्या पुस्तकांत ऐसपैस आहे, म्हणून इथे जागा अडवत नाही.

पण इथेच आमच्या विरोधी पक्षाशी गाठ पडते. त्यांचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉनची मांडणी हा रसायनशास्त्राचा पाया आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. ऑर्बिटल आधी, क्वांटम अंक आधी, तोलणं-मोजणं मागाहून सवडीने. इलेक्ट्रॉनशिवाय बंध समजत नाहीत हे मला पूर्ण मान्य आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलापुढे ऑर्बिटल ठेवलं की त्याला ते मानण्यावाचून गत्यंतर नसतं. क्रोमियमचा अपवाद तो पाठ म्हणतो. क्रोमियममध्ये २४ च इलेक्ट्रॉन कशावरून, हे विचारण्याची त्याला सोयच उरत नाही. पहिल्याच धड्यात त्याला कळतं की इथे विश्वास ठेवायचा असतो. विज्ञानाच्या वर्गात हा धडा पहिला असू नये, एवढंच माझं भांडण आहे.

मोल या संकल्पनेचे सगळ्यात जास्त हाल याच मंडळींनी केले. ‘मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात’ असं वाक्य फळ्यावर येतं आणि पोरं भेदरतात. वास्तविक हार्डवेअरच्या दुकानात खिळे कुणी मोजून देत नाही, तोलून देतो. मोठा खिळा लहान खिळ्याच्या सोळापट जड आहे एवढंच ठाऊक असेल, तर लहान खिळे एक किलो आणि मोठे सोळा किलो घ्या. दोन्ही ढिगांत नग सारखेच, मग ते किती का असेनात. रसायनशास्त्राने पन्नासहून जास्त वर्षं हेच केलं. नग किती ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही. ही संज्ञा रूढ करणारा ओस्टवाल्ड स्वतः तेव्हा अणू मानतच नव्हता! तरी त्याची ग्रॅममधली गणितं बिनचूक येत. संख्या नंतरची आहे, प्रमाण आधीचं आहे.

संख्या आली तीही ऐकण्यासारखी आहे. १९०५ साली आइनस्टाइनने ब्राउनीय हालचालीचं गणित मांडलं. फ्रान्सच्या झां पेरँने गॅम्बोज नावाचा पिवळा राळेसारखा चीक घेतला. हा चीक देणारी झाडं आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया कुळातली, त्यामुळे आम्हा कोकणच्या माणसांना पेरँविषयी उगीचच आपलेपणा वाटतो. चिकाचे एकसारखे बारीक कण त्याने वेगळे केले, पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर मोजत बसला. तळाजवळ १०० कण असले तर ३० मायक्रॉन वर ४७, आणखी ३० वर २३, आणखी ३० वर १२. डोंगर चढताना हवा जशी विरळ होत जाते त्याच नियमाने हे कण विरळ होत होते. फक्त किलोमीटरांचं काम मायक्रॉनांत भागत होतं. कणाचं वजन माहीत होतं, त्यावरून रेणूंची संख्या निघाली. मग इतर डझनभर वेगळ्या वाटांनी काढलेली उत्तरं त्याने १९१३ च्या आपल्या पुस्तकात एका कोष्टकात मांडली. सगळी आसपास येतात हे पाहून अणू न मानणारे गप्प झाले. ओस्टवाल्ड तर त्याआधीच शरण आला होता. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं. संख्येला अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव दिलं तेही पेरँनेच.

२० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली. आता ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या व्याख्येनेच निश्चित आहे, कार्बनच्या १२ ग्रॅमची गरज संपली. त्यासाठी सिलिकॉनच्या जवळजवळ शुद्ध अशा एका समस्थानिकाचे साधारण एक किलोचे गोळे घडवले, त्यांचं घनफळ मोजलं, स्फटिकातलं अणूंमधलं अंतर क्ष-किरणांनी मोजलं. मापनशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण विरोधी पक्षाला त्यामुळे चेव आला : आता संख्येपासूनच सुरुवात करा! शेवटच्या मुक्कामाला निघण्याचं ठिकाण समजणारे हे लोक.

माझा उपाय स्वस्त आहे : मोरचूद. निळे खडे कुटून अडीच ग्रॅम तोलून घ्या, चिनी मातीच्या मुशीत मंद तापवा. निळा रंग जाऊन पांढरी भुकटी होते. गार करून तोला, पुन्हा तापवा, पुन्हा तोला. वजन स्थिर झालं की थांबा. फार तापवलंत तर काळं पडेल. उरते सुमारे १.६० ग्रॅम, गेलं ते पाणी ०.९० ग्रॅम. १.६० ला १५९.६ ने भागा, ०.९० ला १८ ने भागा. एकास पाच! पुस्तकात मोरचुदाच्या सूत्रापुढे पाण्याचे पाच रेणू छापलेले असतात, ते असे तुमच्या हातून निघतात. मग भुकटीवर पाण्याचा थेंब टाका. पुन्हा निळी, आणि हाताला ऊब लागते.

निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना मोरचूद सांगावं लागत नसे. द्राक्षबागेवर बोर्डो फवारतात ते घरात पाहिलेलं : शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. चुना पुरेसा पडला का हे पाहायला वडील त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस पुट चढलं तर तांबं मोकळं आहे, चुना कमी पडला, पानं करपतील. आता त्या मुलाला विचारा, विळ्यावर तांबं आलं तर विळ्यातलं लोखंड गेलं कुठे? किती गेलं? ६३.५ ग्रॅम तांब्यामागे ५६ ग्रॅम. विस्थापन, तुल्यभार, मोल, अवक्षेप सगळं एका पिंपात. असं उदाहरण दाराशी असताना आम्ही मुलांना परक्या चित्रांतून शिकवतो.

आमच्या वेळची प्रयोगशाळा आठवते. काचेच्या पेटीतला केमिकल बॅलन्स, वजनं चिमट्याने उचलायची, बोट लावलंत तर सर ओरडणार. दांडीवर सरकणारा इवलासा रायडर. किप्सच्या उपकरणाचा सडक्या अंड्यांचा वास कपड्यांना लागून घरापर्यंत येई. ब्युरेटमधून शेवटचा थेंब अर्धा कसा सोडायचा हे लॅबमधल्या सहायकाला आम्हा शिक्षकांपेक्षा चांगलं येई. फिनॉल्फ्थेलीनचा फिका गुलाबी रंग अर्धं मिनिट टिकला तर खरा. मुलं तेव्हाही वाचनं जुळवून लिहीत, नाही असं नाही. पण जुळवायला तरी एक वाचन घ्यावं लागे.

मराठीत या शास्त्राची परंपरा लहान नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसावं शतक सरायच्या आतच मराठीतून रसायनशास्त्राची पुस्तकं लिहिली. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून निघतं आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. मुंबईचं रासायनिक तंत्रज्ञानाचं खातं १९३३ चं, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. नववीच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ हे प्रकरण आहे, आणि शीर्षक वाचूनच मला बरं वाटतं. पण साधनं असून वापर नाही, ही आजची गत आहे.

आज अकरावी-बारावी म्हणजे क्लासचं नाव कॉलेजच्या दाराला लावून झालेला करार असतो. प्रात्यक्षिकांच्या वह्या तयार मिळतात, वाचनांसकट. मी एका ठिकाणी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो तेव्हा कुलूप काढून दिलेल्या प्रयोगशाळेत ब्युरेटांना धूळ होती आणि वह्यांत सगळ्यांचं उत्तर दशांशापर्यंत एकच. चार पर्यायांतून एक निवडायच्या परीक्षेत ‘कशावरून?’ हा पर्याय नसतो. दहावीच्या केंद्रीय पुस्तकातून आवर्त सारणीचं प्रकरण वगळलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. सारणी पुढे अकरावीत आहेच. मला त्याहून जास्त टोचतं ते हे की सारणी ज्या अणुभारांवर उभी राहिली ते आले कुठून, हे ती असतानाही कुणी शिकवत नव्हतं.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांपुढे माझी मागणी अगदी मोजकी आहे. अकरावीचे पहिले दोन महिने ऑर्बिटलला सुट्टी द्या. दोन मुलांमागे एक तराजू द्या. डिजिटल असला तरी माझी हरकत नाही, आता ते शाळेला परवडतील एवढे स्वस्त झाले आहेत. मोरचुदातलं पाणी, मॅग्नेशियम जाळल्यावर वाढलेलं वजन, ऑक्झॅलिक आम्लाचं एक अनुमापन आणि कानिझारोचं कोष्टक, एवढं करून घ्या. वाचनं चुकली तर चुकू द्या, फक्त ती त्यांची असू द्या. मग क्वांटम अंक खुशाल शिकवा. तोवर मुलं तुम्हाला ‘हे कशावरून?’ असं विचारायला लागलेली असतील, आणि उत्तराची तयारी तुम्हाला करावी लागेल.